विसरायचा शब्द

बॅटरीमावशीला थिएटरात कुणी कधी गाताना ऐकलं नव्हतं, आणि तिच्या नोकरीत तेच बरोबर होतं. अंधारात लोकांना त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. उजेड पायांवर पाडायचा, तोंडावर कधीच नाही. हा नियम तिला नवऱ्याने शिकवला होता. तो तेव्हा याच इमारतीत सिनेमाची रिळं चालवायचा. पुढे सिनेमा बंद पडला, नवरा गेला, पडदा काढून तिथे छोटंसं स्टेज बांधलं, खुर्च्यांना नवं कापड चढलं. मावशी आणि तिची बॅटरी तेवढी जागच्या जागी राहिली. "पायरी आहे, जपून," हे वाक्य ती झोपेतही बोलते, असं तिची लेक चारचौघांत सांगायची.

गळा मात्र तिला होता. तो तिला स्वतःलाही पुरेपूर माहीत होता, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. शाळेत असताना गाणाऱ्या मुलींत तिची निवड झाली होती. पण ती उंच म्हणून बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं, आणि एकटीने म्हणायचं कडवं पुढच्या एका बुटक्या मुलीला मिळालं. ही कहाणी तिने निम्म्या शेजाराला तरी ऐकवली असेल. ऐकवताना त्या बुटक्या मुलीची नक्कलही करायची, आणि ती नक्कल दर वेळी थोडी जास्त बेसूर व्हायची. नवरा म्हणायचा, "तुझा गळा भांड्याकुंड्यांना ऐकवण्यात चाललाय." तो हे सहज बोलून जायचा, ही मात्र ते आठवडाभर पुरवून पुरवून आठवायची.

तर अशा या थिएटरात एक गाण्यांचं नाटक आलं. एके काळी रेडिओ लावला की हमखास लागायचा असा एक बँड होता; त्याची जुनी गाणी घेऊन मास्तरांनी त्यांच्याभोवती गोष्ट रचली. मास्तर म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे मास्तरच म्हणत. गोष्ट कसली, गाणी वाळत घालायला बांधलेली दोरीच ती. स्टेशनवर लोकांचं सामान ठेवून घेणारा एक माणूस, गाड्यांच्या वेळा पुकारणारी एक बाई, दोघांचं जमतं, बिघडतं, पुन्हा जमतं. पण गाणी अशी, की केस पिकलेली माणसं तिकीट काढून यायची आणि जाताना जिन्यात गुणगुणत उतरायची.

शेवटच्या गाण्याला एकदा गंमत झाली. वाद्यांची वायर निसटली आणि सगळं चिडीचूप झालं. नायिका स्टेजवर हात पसरून उभी, तोंडात पुढची ओळ आणि साथीला काहीच नाही. सगळे तिला ताई म्हणत. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, आणि संध्याकाळी येऊन स्टेशनवरची बाई व्हायची. तिची ती अवस्था मागे खांबाशी उभ्या असलेल्या मावशीला बघवेना. काही विचार न करता ती पुटपुटल्यासारखी गाऊ लागली:

"दार लोटून ठेव, कडी लावू नको..."

आणि अडकली. पुढचा शब्द घाबरल्यामुळे आठवेचना. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी जोरात सांगितलं, "कंदील! कंदील विझला तरी!" लोक हसले, आणि हसता हसता सगळं थिएटर गाऊ लागलं, "कंदील विझला तरी झोपी जाऊ नको." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते अगदी खरं होतं. त्या दिवशी नेमका पेपरात नाटकांवर लिहिणारा एकजण आला होता. त्याने लिहिलं, की या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांतून एक भित्रा आवाज उठतो आणि मग कुणालाच गप्प बसवत नाही.

पेपरात एकदा छापून आलं की ते दर प्रयोगाला घडायला हवं. मास्तरांनी मावशीला बाजूला घेतलं.

"आता वायर रोज मुद्दाम काढायची. आणि तुम्ही रोज मुद्दाम अडकायचं."

"म्हणजे चुकायचं?"

"चुकायचं. आवाज लावायचा नाही, बारीक, लाजत गायचं. 'कडी लावू नको' म्हणायचं आणि थांबायचं. कंदील शब्द विसरायचा. लोक आपोआप सांगतात. सांगितला की तुम्ही गप्प. पुढे एक अक्षर नाही."

मास्तरांचा हिशेब पक्का होता. कुणी अडखळलं की शब्द सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही, आणि एकदा तोंड उघडलं की ते मिटत नाही. सुरुवात करणाऱ्याला नीट येत नाही, हे बघूनच बाकीच्यांना धीर येतो. मावशीला हे पटलं, पण आवडलं म्हणाल तर अजिबात नाही. आयुष्यभर मागच्या रांगेत उभं राहून अखेर गायला मिळालं, तेही वाईट गायचं! तरी ती करत राहिली. दर प्रयोगाला कंदील विसरत राहिली. लोक गात, ताई रडे, टाळ्या पडत, आणि मावशी अंधारात ओठ घट्ट मिटून उभी राही.

मग बातमी आली. नदीपलीकडच्या मोठ्या नाट्यगृहाचे साहेब नाटक बघायला येणार होते. तिथे बाल्कनी, तिथे वाद्यवृंदाला वेगळी जागा, तिथे नावं बाहेर दिव्यांत लिहितात. साहेबांना पसंत पडलं तर अख्खं नाटक तिकडे जाणार. सगळी मंडळी हवेत तरंगू लागली. ताईने दवाखान्यातल्या डॉक्टरांना नोकरी सोडत असल्याचं सांगूनही टाकलं. एरवी पावाचा शिळा तुकडाही न टाकणारे मास्तर सगळ्यांना बिस्किटं वाटत फिरत होते.

आणि मावशीच्या मनात एकच किडा वळवळू लागला. नाटक जाईल, पण आपण? मोठ्या नाट्यगृहात खुर्च्या दाखवायला त्यांची माणसं असणार, टापटीप कोटातली. बॅटरीवाल्या बाईला कोण नेतंय? आणि तो भित्रा आवाज काय, कुणीही काढील. अडखळायला गळा लागतो थोडाच! पण साहेबांना जर कळलं की हा आवाज खरा कसा आहे, तर ते म्हणतील, या बाईंनाही घ्या. असं ती आधी नुसतं मनाशी म्हणाली. मग तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला म्हणाली. मग लेकीला फोन करून, "यायचंच हं, जावयांनाही आण," असं सांगितलं, आणि त्यानंतर माघार घ्यायची वाटच उरली नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. "साहेबांना मधोमध बसवा. चारी बाजूंनी लोक गाताना ऐकू आले पाहिजेत. बाकी नेहमीसारखं. कणभरही जास्त नको, मावशी."

"मला का सांगताय? मी काय आज पहिल्यांदा करतेय का?" मावशी फणकारली.

साहेब आले. साधेच होते, विरळ केस, हातात घडी केलेली छत्री. मावशीने बॅटरी लावली, उजेड पायांवर पाडला आणि त्यांना मधल्या रांगेवरून पुढे घेऊन गेली, मग वळवून मागे आणलं आणि अगदी कडेच्या खुर्चीत बसवलं. खांबाशेजारच्या. ती स्वतः जिथे उभी राहते तिथून हातभर अंतरावर.

"मला वाटलं मध्ये असेल जागा," साहेब म्हणाले.

"इथून आवाज फार सुरेख येतो," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत तिने एकाही प्रेक्षकाला चुकीच्या जागी बसवलं नव्हतं.

नाटक रंगलं. खरंच रंगलं. साहेब दोनदा हसले, एका गाण्याला बोटांनी छत्रीवर ताल धरला. मावशीचं सगळं लक्ष त्यांच्या बोटांकडे. शेवटचं गाणं आलं, वायर निघाली, शांतता पसरली, ताईने हात पसरले. मावशीने श्वास घेतला. तो श्वास घेतानाच तिला कळलं होतं की आपण काय करणार आहोत. नंतर कितीही म्हटलं की भान राहिलं नाही, तरी भान होतं.

"दार लोटून ठेव, कडी लावू नको," तिने गायलं, लाजत नाही, बारीक नाही, छाती भरून. ती थांबली नाही. "कंदील विझला तरी झोपी जाऊ नको." कंदील शब्दावर तिने एक सुरेख हरकतही घेतली, घरी भांडी घासताना घोटून ठेवलेली. पुढच्या रांगेत एक बाई शब्द सांगायला तोंड उघडत होती, तिने ते मिटलं. माना वळल्या. कुणीतरी मोबाईलचा दिवा लावून सरळ मावशीच्या तोंडावर धरला. मावशी गात राहिली. दुसरं कडवं गायली. कुणीच तिच्याबरोबर गात नव्हतं. लोक मान डोलावत, अदबीने, एखादी गायिका ऐकावी तसे ऐकत होते. जिला एवढं चांगलं येतं तिच्या गाण्यात आपला घोगरा आवाज कोण घालणार?

तिचं गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कबूल करायला हवं, त्या क्षणी ती आयुष्यात कधी नव्हती इतकी सुखी होती. मग तिची नजर स्टेजवर गेली.

ताई हात पसरूनच उभी होती. सगळे प्रेक्षक तिच्याकडे पाठ करून बसलेले. वाद्यवाल्याला वायर जोडावी की नको, कळत नव्हतं. शेवटी ताईने हात हळूच खाली घेतले, अनोळखी माणसाला आपला माणूस समजून हाक मारावी आणि मग ओशाळून हात खाली घ्यावा तसे. पडदा पडला तेव्हा लोक अजून मावशीकडेच बघत होते. मोबाईलचा उजेड डोळ्यांत जात होता आणि तोंड कुठे लपवावं तिला समजेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण थिएटरच्या जमिनीला तेवढी माया नव्हती.

बाहेरच्या बोळात साहेब मास्तरांशी बोलत होते. मावशी रिकाम्या बाटल्या गोळा करत होती, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकत होती.

"नाटक गोड आहे," साहेब म्हणाले. "पण मी वाचलं होतं, अख्खं थिएटर गातं म्हणून. ते काही झालं नाही."

"रोज गातात हो. आज जरा..."

"एवढ्याशा जागेत लोक गायले नाहीत, तर आमच्या बाल्कनीत कोण गाणार?" मग त्यांचं लक्ष मावशीकडे गेलं. ते अगदी प्रेमाने हसले. "तुम्ही छान गाता हं. मला खुर्ची दाखवली ती तुम्हीच ना?"

मावशीच्या तोंडून "हो" निघालं की नाही, तिलाच ऐकू आलं नाही.

"बरं झालं, आधीच कळलं," साहेब मास्तरांना म्हणाले, "नाही तर तो आवाज प्रेक्षकांतला आहे, असं आम्ही खरंच समजून बसलो असतो." आवाजात राग नव्हता. छत्री उचलून, "कळवतो," म्हणाले आणि गेले. 'कळवतो'चा अर्थ नाटकवाल्यांना शिकवावा लागत नाही.

मास्तरांनी तिच्या हातातल्या बाटल्या घेतल्या. मग म्हणाले, "मावशी, चहा घेणार?" त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला पेललं असतं. चहा पेलला नाही.

ती ताईच्या खोलीत गेली. ताई आरशासमोर तोंडावरचा रंग पुसत होती.

"ताई, मी..."

"मावशी, किती छान गाता तुम्ही! मला माहीतच नव्हतं," ताई म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मनापासून बोलत होती. "माझंच चुकलं असणार. मी हात जरा लवकर पसरले का? रोज लोक गातात. आज मीच कुठेतरी कमी पडले."

आता सांगायलाच हवं होतं. साहेबांना मुद्दाम कडेला बसवलं, शब्द मुद्दाम विसरले नाही, तुझं काही चुकलं नाही पोरी. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली, मागे जावई, आणि तिने आईला मिठीच मारली.

"आई! सगळ्या टाळ्या तुला होत्या! ते तिकडचे साहेब तुझ्याशी बोलत होते ना? काय म्हणाले? नेणार तुला?"

ताईने आरशातून मावशीकडे पाहिलं. रंग पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने कापूस टोपलीत टाकला आणि तोंड धुवायला निघून गेली. मावशी लेकीच्या मिठीत उभी होती आणि कानकोंडी होणं म्हणजे काय, ते तिला त्या वयात कळत होतं.

त्यानंतरचे दिवस तिने चोरासारखे काढले. शिंपीणबाई दारातून विचारी, "काय मग, नटीबाई, कधी निघायचं?" आणि मावशी पदार्थ करपतोय म्हणून घरात पळे, चुलीवर काहीही नसताना. मोठ्या नाट्यगृहाने दुसरंच कुठलं नाटक घेतलं, हे तिला पोस्टरवरून समजलं. ताईने डॉक्टरांना विनंती करून नोकरी परत घेतली होती. दवाखान्याच्या काचेतून ती फोन कानाला लावून बसलेली दिसे. मावशीचा रोजचा रस्ता त्याच दारावरून होता, म्हणून तिने रस्ता बदलला. लांबचा घेतला, चढाचा, गुडघे दुखत असताना.

शेवटी एकदा तिने धीर करून मास्तरांना गाठलं. ते स्टेजवर पाट्या रंगवत होते.

"साहेबांना मी मुद्दाम कडेला बसवलं," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी पडद्यामागून बघत होतो."

"आणि कंदील..."

"तेही माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी ब्रश डब्यात बुडवला. "बोलून काय झालं असतं? तुम्ही इतके दिवस रोज वाईट गायलात. मलाही कधी वाटलं नाही विचारावं, की तुम्हाला कसं वाटतं."

"ताईला सांगितलंत?"

"ते तुम्ही सांगायचं."

मावशीने मान हलवली. सांगेन, असं तिला म्हणायचं होतं. "मला आता गायला सांगू नका," एवढंच ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले आणि पाटी रंगवू लागले. ते थोडा आग्रह करतील असं तिला कुठेतरी वाटत होतं, आणि असं वाटलं याचीही तिला लाज वाटली.

पुढच्या प्रयोगाला मास्तरांनी वायर काढायची की नाही यावर बराच विचार केला, आणि काढलीच. शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. ताईने हात पसरले, या वेळी जरा उशिरा, सांभाळून. ती पोर अजून स्वतःचीच चूक दुरुस्त करत होती. मावशी खांबाशी उभी, बॅटरी दोन्ही हातांत घट्ट धरून. कुणी काही गाईना. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. एक ओळ, फक्त एक, वाईट का होईना, आणि सगळं सावरलं असतं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पुरुषाचा आवाज आला. फाटका, भलत्याच वरच्या पट्टीतला. "दार लोटून ठेव... कडी लावू नको..." आणि तो अडकला. नाटक करून नव्हे, बिचारा खरंच अडकला. बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

कंदील, मावशीच्या जिभेवर होतं. कंदील, कंदील. तिने दात आवळले.

"कंदील!" तीन बाजूंनी लोक एकदम ओरडले, हसले, आणि गाऊ लागले. सगळे. पुढचे, मागचे, कडेचे. इतक्या मोठ्याने रोजही गात नसत. ताईचा चेहरा उजळला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या पहिल्या दिवसासारखं. मधोमधच्या एका खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं, आणि मावशीला ती राहून राहून दिसत होती. त्या दिवशी तिने साहेबांना तिथे बसवलं असतं आणि स्वतः नुसती गप्प उभी राहिली असती, तरी झालं असतं. तिची गरजच नव्हती. असा कुणीतरी अडखळणारा माणूस प्रेक्षकांत नेहमीच असतो, त्याला फक्त थोडी शांतता लागते; आणि ती शांतता एकदाच, नेमकी त्या एकाच संध्याकाळी, तिने मिळू दिली नव्हती.

प्रयोग सुटला. ती दाराशी उभी राहिली. लोक गुणगुणत बाहेर पडत होते. रंग पुसून, पर्स खांद्याला लावून ताईही त्यांच्यातून आली, आणि आज तिच्यासमोरून पळायला मावशीला दुसरा रस्ता नव्हता.

"ताई, त्या दिवशी तुझं काही चुकलं नव्हतं," मावशी म्हणाली. "साहेबांना मी मुद्दाम माझ्याजवळ बसवलं होतं. त्यांनी मला ऐकावं म्हणून. मला न्यावं म्हणून. तुझे हात वेळेवरच होते."

ताईने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगाल याची वाट बघत होते." तिने क्षमाही केली नाही, रागावलीही नाही. पर्स सावरली आणि जिन्याकडे वळली.

मागून येणारी एक हसतमुख म्हातारी मावशीपाशी थांबली. "अहो, सगळे गात होते, तुम्ही एकट्याच गप्प! गायचं की हो तुम्हीपण."

ताई पहिल्या पायरीवर थांबली. वळली नाही, पण थांबली.

"मला नाही येत गाता," मावशी म्हणाली. मग तिने बॅटरी लावली, उजेड खाली, म्हातारीच्या पायांवर पाडला. "पायरी आहे, जपून."